१९५९ पैकी एक

मूळ घड्याळ १९५९ सालचं, म्हणून नवी आवृत्तीही मोजून १९५९ नगांचीच. ही कल्पना ज्याला सुचली त्याला व्यापारी म्हणावं की कवी, ते माझं अजून ठरलेलं नाही. ब्राइटलिंग या स्विस कंपनीने २०१९ साली आपला जुना नॅव्हिटायमर, मॉडेल क्रमांक ८०६, असा पुन्हा काढला. काळी तबकडी, तिच्यात तीन छोट्या काळ्याच तबकड्या, भोवती बारीक मण्यांची कड असलेलं फिरतं कडं, आणि त्या कड्यावर वैमानिकाला वेगाची-इंधनाची गणितं सोडवून देणारी आकड्यांची पट्टी. काच पूर्वीसारखीच फुगीर प्लास्टिकची, बाही घासली तरी चरा पडेल अशी. हाताने चावी द्यायची. ज्या कंपनीला आज ओरखडा न उठणारी काच आणि आपोआप चावी बसणारं मशीन सहज करता येतं, तिने ते मुद्दाम केलं नाही, आणि न केल्याचे पैसे लावले.

एवढंही मी समजून घेईन. माझं अडतं ते रंगाशी. त्या घड्याळाचे काटे आणि आकडे पिवळट आहेत. आपण ज्याला सरसकट रेडियमचे काटे म्हणतो ते पूर्वी खरोखरच रेडियमचे असत. पुढे साठच्या दशकात रेडियम मागे पडलं आणि ट्रिटियम आलं. ट्रिटियमची ताकद बारा-साडेबारा वर्षांत निम्मी होते. चमक विझते, आणि मूळचा पांढरट रंग वर्षानुवर्षं उन्हात, दमटपणात, घामात राहून पिवळा, मग तपकिरी होतो. आताचा चमकणारा रंग किरणोत्सारी नाही, तो आपण होऊन असा म्हातारा होणार नाही. म्हणून कारखान्यातच त्यात पिवळेपणा कालवतात. पहिल्या दिवशीच साठ वर्षांचं वय. जुन्या घड्याळांच्या पुनरावृत्त्या काढणाऱ्या बहुतेक कंपन्यांनी ही युक्ती उचलली आहे, आणि खूप जणांना ती आवडते. मला ती पाहिली की लग्नाच्या हॉलमधले धोतर-उपरणं घातलेले भाडोत्री स्वागतकर्ते आठवतात.

हा नॅव्हिटायमर क्रोनोग्राफ आहे, म्हणजे काटा सोडून-थांबवून वेळ मोजायचं घड्याळ. ते काय असतं, हे मला मामांच्या मनगटावर कळलं. मामा साताऱ्यात एका शाळेत पी.टी.चे मास्तर होते. त्यांच्या हाताला असलं घड्याळ असणं हीच एक नवलाई. त्या काळात घड्याळ म्हणजे एचएमटी. १९६१ साली जपानच्या सिटिझनशी करार होऊन बंगलोरला कारखाना उभा राहिला, आणि चावीचं ‘जनता’ घरोघर, जावयाच्या मानपानापासून निवृत्तीच्या सत्कारापर्यंत सगळीकडे पोचलं. बाहेरच्या घड्याळांवर आयातीची बंधनं. स्विस घड्याळ दिसलं की ते एकतर आजोबांच्या वेळचं असायचं, नाहीतर बोटीवरून उतरलेलं. मामांचं बोटीवरून उतरलेलं होतं, गिरगावातल्या एका नातेवाइकाच्या हातून आलेलं, आणि त्याबद्दल चारचौघांत बोलायचं नाही असा घरातला दंडक होता. तबकडीवर नाव फेवर-ल्यूबा. मामा सलग ‘फेवरलुबा’ म्हणत, आणि सातारकरही तसंच म्हणत.

उजव्या बाजूला चावीच्या वर एक बटन, खाली एक. इतर क्रोनोग्राफमध्ये वरचं दाबलं की काटा सुटतो, पुन्हा दाबलं की थांबतो, आणि खालचं दाबलं की शून्यावर येतो. मामांच्या घड्याळाचा रिवाज निराळा. वरचं बटन फक्त सोडण्यापुरतं. थांबवायचं खालच्याने, आणि पुन्हा खालचंच दाबलं की काटा टक्कन बाराखाली. शाळेची मुलं हाताळायला मागत, वरचं बटन दाबत राहत आणि काटा थांबत नाही म्हणून घाबरत. मामा हसायचे. “पळायला लावणारा वेगळा आणि थांबवणारा वेगळा, कळलं का?”

तबकडीच्या कडेला वेग मोजायची पट्टी, टॅकीमीटर. एका किलोमीटरच्या दगडापाशी काटा सोडायचा, पुढच्या दगडापाशी थांबवायचा, काट्यासमोरचा आकडा म्हणजे ताशी वेग. ४५ सेकंद लागले तर ८०. साताऱ्याहून कराडकडे जाताना मामा एसटीत खिडकी धरून बसत आणि दगड यायची वाट बघत. मेख अशी की त्या पट्टीवर आकडे साठापाशी संपतात. मिनिटाच्या आत किलोमीटर न कापणाऱ्याची तिला पर्वा नाही. लाल एसटीला तेव्हाच्या एकपदरी रस्त्यावर सत्तर-बहात्तर सेकंद लागत. काटा पूर्ण फेरी मारून पुढे जायचा, आणि मामा तोंडी ३६०० ला ७२ ने भागून सांगायचे, “पन्नास. बरा चाललाय.” ही पट्टी आखणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मोटारींच्या शर्यती होत्या, उंब्रजला चहाला थांबणारी गाडी नव्हती. डॉक्टरांसाठी निघालेल्या क्रोनोग्राफवर वेगाच्या जागी नाडीची पट्टी असते: पहिल्या ठोक्याला काटा सोडा, तिसाव्याला थांबवा, समोर मिनिटाचे ठोके. वानलेस यांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून मिरज हे डॉक्टरांचं गाव. तिथे असली घड्याळंही काही हातांवर असणार. मामांना मात्र नाडीत रस नव्हता, त्यांना पळणारी माणसं हवी असत.

आणि त्यांना सगळ्यात प्रिय होती ती उजवीकडची छोटी तबकडी, तीस मिनिटांची. मोठा काटा एक फेरी मारतो तेव्हा हिच्यातला चिमुकला काटा एक घर सरकतो. तीस घरं झाली की पुन्हा पहिल्यापासून. त्यावरून ते खाशाबांवर येत. आमचं सगळं आजोळ कराडच्या बाजूचं, आणि गोळेश्वर कराडला लागूनच. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत ब्राँझपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मामा पुढचं सांगत. जपानच्या इशीबरोबरची लांबलेली कुस्ती हरून खाशाबा खाली उतरले आणि त्यांना लगेच सोव्हिएत युनियनच्या ममेदबेकोवसमोर उभं राहायला सांगितलं. दोन कुस्त्यांच्या मध्ये किमान तीस मिनिटांची विश्रांती हवी, असा नियम होता. तो बजावून सांगायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले. इशीला सुवर्ण मिळालं, ममेदबेकोवला रौप्य. त्या ऑलिंपिकची वेळ मोजायचं काम ओमेगाकडे होतं, आणि सेकंदाचा शंभरावा भाग कागदावर छापून देणारं नवं इलेक्ट्रॉनिक यंत्र त्यांनी तिथे नेलं होतं. मामा ती छोटी तबकडी नखाने वाजवत म्हणायचे, “शंभरावा भाग मोजला रे, आणि ही एवढी अर्ध्या तासाची वाटी कुणाला दिसली नाही.”

२०१६ साली माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर रिओला स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत धावली तेव्हा मामा टीव्हीसमोर घड्याळ लावून बसले होते. अधिकृत वेळ ९ मिनिटं १९.७६ सेकंद, राष्ट्रीय विक्रम. मामांच्या घड्याळात सेकंदभर जास्त आले. त्यांनी तो सेकंद स्वतःच्या अंगठ्याच्या खाती टाकला.

मामा गेल्यावर घड्याळ माझ्याकडे सांगलीला आलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी सत्तावन्न फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. मारुती चौक, गणपती पेठ, सगळं पाण्यात. आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं ते कपाटाच्या वरच्या खणापर्यंत. आम्ही माणसं आणि कागद वर नेले होते. घड्याळ खणात राहिलं. पूर ओसरल्यावर काचेच्या आतून गाळाची एक रेघ दिसत होती, तबकडीवर आडवी, नऊपासून तीनपर्यंत. बटन दाबलं तर आत गेलं आणि आतच राहिलं.

मिरजेत लक्ष्मी मार्केटच्या बाजूला एक घड्याळजी बसतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात. काचेच्या पेटीमागे एक टेबल, एका डोळ्यावर भिंग, हाताशी चिमटे आणि बेंझिनची वाटी. त्या महिन्यांत त्यांच्यापुढे पुरातल्या घड्याळांचा ढीग होता. माझं उघडून त्यांनी पहिल्यांदा वास घेतला. मग मशीन बाहेर काढून माझ्यासमोर धरलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. एवढ्याशा जागेत तरफा एकमेकींच्या अंगावर रेललेल्या, त्यांवर वाळलेला तांबूस चिखल, एका स्प्रिंगचा नुसता गंजाचा आकार उरलेला. “लॅंडेरॉन अठ्ठेचाळीस,” चाचा म्हणाले. “फेवरलुबाचं नाही हे खास. लॅंडेरॉनची मशीन लाखांनी निघाली, दहा कंपन्यांनी आपापलं नाव घालून विकली. म्हणून तर खालच्या बटनाने थांबतंय.” आणि मग तबकडी उलटसुलट करत, “ताई, हे नाव पण नंतरचं.”

पुराच्या पाण्याने तबकडीचा वरचा रंग सुटला होता. ‘फेवर-ल्यूबा’ या अक्षरांच्या खालून दुसऱ्याच कुठल्या तरी नावाची दोन अक्षरं वर आली होती, पुसट, थोडी तिरकी. खालचं नीट न पुसताच कुणीतरी मुंबईत त्यावर नवं नाव छापलं होतं, कारण त्या वेळी फेवर-ल्यूबाला मागणी होती. जगभरचे संग्राहक असल्या मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात आणि नाक मुरडतात: तीन घड्याळांचे भाग एकात, तबकडी नव्याने रंगवलेली, वर हवं ते नाव. म्हणजे मामांनी अभिमानाने मिरवलं तेही एक प्रकारचं पुनर्मुद्रणच होतं. फक्त त्याच्यावर नंबर नव्हता आणि त्याची संख्या मर्यादित ठेवायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

मला वाईट वाटेल असं चाचांना वाटलं असावं. वाटलं नाही. उलट मी विचार करू लागले की फेवर-ल्यूबा हे नाव लावण्याचा हक्क तरी आता कोणाचा. १७३७ साली स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल गावात या घराण्याचं काम सुरू झालं. १८६५ च्या सुमारास फ्रिट्झ फेवर हिंदुस्थानात आले आणि मुंबईचा व्यापार पुढे इतका वाढला की नाव परकं राहिलं नाही. १९६२ साली त्यांनी ‘बिव्हॅक’ काढलं, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि हवेचा दाब दाखवणारं पहिलं यांत्रिक मनगटी घड्याळ. आठ पिढ्यांनंतर, बॅटरीच्या घड्याळांनी सगळ्यांची दाणादाण उडवली तेव्हा, घराण्याने हात आवरला. नाव या हातातून त्या हातात फिरलं. २०११ साली टाटांच्या टायटनने घेतलं, २०२३ साली इथॉस या भारतीय घड्याळ-विक्रेत्या कंपनीच्या हाताखालच्या कंपनीने. २०२४ मध्ये जिनिव्हात नवी मालिका आली, तिच्यात ‘सी-स्काय’ हा जुना क्रोनोग्राफही नव्या रूपात होता. सुंदर दिसतो, खोटं कशाला बोलू. पण मूळ कारागीर नाहीत, मूळ कारखाना नाही, घराणं नाही. कागदोपत्री उतरत आलेलं नाव आहे आणि जुने नमुने आहेत. मुंबईतल्या त्या अनामिक रंगाऱ्याकडेही नाव होतं आणि नमुना होता. एकाकडे मालकीचा कागद आहे, दुसऱ्याकडे नव्हता. आणि कायद्याने हा फरक मोठा आहे, तो असायलाच हवा. तबकडीकडे बघून मात्र मला तो सांगता येत नाही.

चाचांच्या दुकानापासून थोडं चालत गेलं की सतारमेकर गल्ली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एकेकाळी शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तारांच्या वाद्यांचं काम हाती घेतलं, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे गवई मिरजेत राहायला आल्यावर त्या कामाला रोजचा कान मिळाला. घड्याळ चाचांकडे असताना मी त्या गल्लीत जाऊन बसायची. तिथे कुणाच्या आजोबांचा तंबोरा दुरुस्तीला आला होता. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा तडकला होता, तो सांधला. खुंट्या बदलल्या. घोडी झिजली होती, ती नवी बसवली, आणि मग कारागीर कानसीचा एक हात मारून तार छेडायचा, पुन्हा एक हात, पुन्हा छेडायचा. जवारी काढणं चाललं होतं. तासभर तो एका तारेच्या मागे होता. वाद्याचा मालक शेजारी बसून होता. त्याने एकदाही विचारलं नाही की यात आजोबांच्या वेळचं आता किती उरलं. त्याला आवाज हवा होता.

घड्याळाच्या शौकिनांना हे सांगून पटत नाही. त्यांच्यात स्क्रूसुद्धा त्याच सालचा हवा असतो. चाचांच्या पेटीपुढे टेकणारी मंडळी आहेत, त्यांच्यात या विषयावर चांगली जुंपते. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ पुनरावृत्ती म्हटलं की उठूनच जातात: “नक्कल मालकाने केली म्हणून ती अस्सल होते का?” एका तरुण डॉक्टरचं म्हणणं सरळ. जुना क्रोनोग्राफ घालून वॉर्डात हात धुता येत नाहीत, पाणी जातं. रूप जुनं आणि मशीन नवं मिळत असेल तर देवाने दिलं. तिसरा फक्त भाव बघतो. मर्यादित म्हणजे चढणार, एवढं एकच वाक्य त्याला येतं, आणि ते तो गुंठेवारीच्या प्लॉटबद्दलही बोलतो. मला डॉक्टरचं पटतं. नव्या मशीनचं जुनं रूप घालायला हरकत कसली? पिवळा रंग तेवढा कालवू नका, आणि नंबर मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला घाला.

पुरानंतरच्या हिवाळ्यात तिथे विट्याकडचा एक मुलगा आला. खानापूर-आटपाडीची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत. याच्याही वडिलांची गलाई दक्षिणेत कुठेतरी. जुनं सोनं मुशीत गेलं की कुणाचं होतं, कुणाच्या लग्नातलं होतं, सगळं जातं, त्या धंद्यातल्या घरात हा मुलगा जुन्या घड्याळांसाठी वेडा झालेला. वडिलांच्या एचएमटीला पट्टा बसवायला आला होता. त्याच्या हातावर तो नॅव्हिटायमर. १९५९ पैकी एक. बाकीचे सगळे जागचे उठले. त्याने घड्याळ काढून चाचांच्या तळहातावर ठेवलं.

चाचांनी कानाला लावलं. चावी दोन वेढे दिली, दोनच. वरचं बटन दाबून काटा सोडला, थांबवला, परत आणला, आणि बटनाच्या त्या स्पर्शावर खूश होऊन मान हलवली. “मक्खन.” मग भिंग डोळ्याला लावलं, मागचं झाकण फिरवून बघितलं, आणि हात आपोआप किल्लीकडे गेला.

“चाचा, उघडू नका,” मुलगा घाईने म्हणाला. “वॉरंटी जाईल.”

“बघतो फक्त. काटा सोडायला-थांबवायला कॉलम व्हील आहे का कॅम आहे?”

“कॉलम व्हील. कंपनीचं स्वतःचं मशीन आहे.”

“पार्ट बाहेर मिळतात?”

मुलाला माहीत नव्हतं. चाचांना माहीत होतं. स्विस कंपन्या गेली काही वर्षं सुटे भाग बाहेरच्या घड्याळजींना देणं कमी कमी करत आल्या आहेत. बिघडलं की घड्याळ त्यांच्याच सर्व्हिस सेंटरला पाठवायचं. माझ्या लॅंडेरॉनची गंजलेली स्प्रिंग चाचांनी त्यांच्या डब्यातल्या एका मेलेल्या लॅंडेरॉनमधून काढून घातली होती, आणि एक तरफ कानस मारून स्वतः केली होती. अशी मशीन लाखांनी निघाली होती, म्हणून मिरजेतल्या एका पत्र्याच्या डब्यातही त्यातला एखादा नग पडून होता. १९५९ नगांच्या घड्याळाचा मेलेला जोडीदार मिरजेला कुठून यायचा? मशीन कंपनीच्या इतर मॉडेलांतही असेल, पण तीही काही आमच्याकडे भंगारात येत नाहीत.

हे सगळं चाचा बोलले नाहीत. त्यांनी काच आपल्या सदऱ्याला पुसली, घड्याळ मुलाच्या हातात दिलं आणि एचएमटीचा पट्टा बसवायला घेतला. “वॉरंटी संपली की आणा,” एवढंच म्हणाले.

ती आता संपली असेल. माझ्या घड्याळाच्या तबकडीवर मी पुन्हा नाव छापून घेतलं नाही. वरची अक्षरं अर्धी, खालची दोन, असंच चालतं, आणि दिवसाला चार मिनिटं मागे पडतं. त्या निमित्ताने मिरजेला जाणं होतं. चाचा तेल घालता घालता विचारतात, “विट्याचा तो पोरगा भेटतो का कुठे? त्याला म्हणावं, बटन कडक व्हायच्या आत आण.”